लागेल तेवढंच दळावं



आपल्या घरात दळण आलं की डब्यावर तारीख पडते. पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७. गाळलेलं पाणी ४८ मिनिटं, चांगलं उकळलेलं २४ तास. नव्या सुनांना आधी हे जाच वाटतं. मर्यादा म्हणजे बंधन, असा त्यांचा समज असतो. पण मर्यादा म्हणजे त्या वस्तूचा चांगला काळ ओळखणं आणि त्या काळाच्या आत ती वापरणं. गहू आपण वर्षाचा भरून ठेवतो. तोच गहू दळला की तीन दिवसांचा होतो. म्हणून शहाणी बाई वर्षाचा गहू भरते, पण दळण मात्र लागेल तेवढंच आणते.

पावसाळा तोंडावर आहे, आणि आमच्या सांगलीत पावसाळा म्हटलं की पुराचा विषय निघतोच. म्हणून आज पुराच्या मदतीबद्दल लिहिते. मला वाटतं, आपल्या स्वयंपाकघरातला हा दळणाचा नियम मदतीलाही तसाच लागू पडतो. संकट आलं की आपण असेल नसेल तो सगळा गहू एका दिवसात दळून टाकतो. मग चौथ्या दिवशी पीठ खराब होतं, आणि महिन्यानंतर ज्याला भाकरी हवी असते त्याच्यासाठी कोठारात काही उरत नाही.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगते. सांगलीत पावसाळ्यात “पाणी किती झालं?” असं विचारलं तर ते आयर्विन पुलाजवळचं कृष्णेचं पाणी असतं. हा पूल १९२९ सालचा. तिथं ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, तेव्हा सगळे म्हणाले की असा पूर पुन्हा आपल्या जन्मात नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. २०२१ च्या जुलैअखेर पुन्हा ५५ फुटांच्या आसपास. गावभाग, मारुती चौक, हरभट रोड, दत्तनगर, कर्नाळ रोड हा सगळा भाग पाण्यात. आम्ही विश्रामबागेकडं राहतो, हा भाग उंचावर, म्हणून बुडालेल्यांना ठेवून घेण्याचं आणि त्यांना जेवू घालण्याचं काम आमच्या बाजूला येतं.

आमच्या नदीचं पाणी चढायला वेळ घेतं आणि उतरायलाही. हरिपूरला वारणा येऊन मिळते, पुढं नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. मुलूख सपाट. त्यामुळं पाणी घरात आठ-आठ दिवस मुक्कामाला असतं. भिंती फुगतात, धान्याला कोंब येतात, गाद्या पाणी पिऊन दगडासारख्या होतात. पाणी उतरल्यावर घोटाभर गाळ. मदतीचा विचार करताना हे लक्षात ठेवायला हवं, कारण आमच्याकडं पूर येतो आठ दिवस, पण तो घरातून निघायला वर्ष लागतं.

२०१९ ला पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ बरेच दिवस बंद होता. गाड्या वाटेत अडकून पडलेल्या. पाणी उतरलं, रस्ता खुला झाला आणि महाराष्ट्रभरातून ट्रक एकदम आले. माणसांनी मनापासून पाठवलं होतं. कुणी रात्र जागून चपात्या लाटल्या होत्या. पण त्या चपात्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम गरम भरलेल्या, आणि दोन-तीन दिवस वाटेत. पिशवी उघडली की तार सुटलेली आणि वर हिरवट बुरशी. सोलापूरकडून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आली, ती मात्र पंधरा दिवस पुरली. आपल्या जयसिंगपूरचा भडंगही तसाच टिकला. पाठवणाऱ्याची माया दोन्हीकडं सारखीच होती. फरक होता तो मर्यादा ओळखण्याचा.

बस्तीच्या शेजारच्या हॉलमध्ये आमच्या महिला मंडळानं सामान उतरवून घ्यायचं काम घेतलं. मी बी.कॉम. झाले त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली. नोकरी केली नाही, पण घरचा आणि मंडळाचा हिशेब कायम माझ्याकडं असतो. कॉलेजात साठ्याचा एक नियम शिकवला होता, आधी आलेला माल आधी बाहेर. हॉलमध्ये पहिल्या दिवशी तो नियम चालेना. आधी आलेले तांदूळ बाहेर जात होते आणि मागून आलेलं दूध नासत होतं. म्हणून वहीत एक रकाना वाढवला. तारीख, वस्तू, किती आली, कुठं गेली, आणि मधोमध “किती दिवस टिकेल”. नियम ठरला की आधी खराब होणारं आधी बाहेर. आपल्या बायकांना हे समजावून सांगावं लागलं नाही. पिठाची मर्यादा रोज पाळणाऱ्या हातांना ते येतच होतं.

त्या वहीनं एक गोष्ट डोळ्यांपुढं आणली. दिवसभर टिकणाऱ्या वस्तूंची पानंच्या पानं भरली होती. महिनाभर टिकणाऱ्यांची दोन-तीन पानं. आणि वर्षभर उपयोगी पडेल असं काही आलेलं अर्ध्या पानावर मावत होतं.

कपड्यांचं तर वेगळंच. गाठोडी येतच राहिली. फाटके परकर, जरीच्या साड्या, कोट, एका पायाची चप्पल. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत अशाच जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले होते. ‘गूंज’ ही संस्था चालवणारे अंशू गुप्ता यांनी ते कपडे उचलून निवडायचं काम हाती घेतलं. जे अंगावर घालण्याजोगं नव्हतं त्याच्याही वस्तू त्यांच्या संस्थेनं केल्या. जुन्या सुती कापडापासून बायकांसाठी पाळीच्या घड्या करण्याचं त्यांचं काम पुढं सगळीकडं पोचलं. त्यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आम्हीही त्या धड्यावरून ढिगातलं सुती वेगळं काढलं, उकळून वाळवलं आणि गाळ पुसायला घरोघर दिलं. बाकीचं बरंच पडून राहिलं आणि भिजलं.

इथं आपल्या धर्माचा प्रश्न येतो. ओल्या कपड्यांचा, शिळ्या अन्नाचा ढीग कुजला की त्यात जीव पडतात. मग तो ढीग जेसीबीनं उचलून कचऱ्यात, नाही तर पेटवून द्यायचा. केवढी हिंसा! मुनींच्या पाच समित्यांत वस्तू जपून उचलण्या-ठेवण्याची एक समिती आहे आणि टाकून द्यायचं ते निर्जंतुक जागा बघून टाकण्याचीही एक आहे. आपण गृहस्थ, तेवढं काटेकोर पाळणं आपल्याला जमणार नाही. पण देताना “हे पुढं कुठं जाऊन पडेल?” एवढा विचार तर आपल्यालाही करता येतो. देणाऱ्याच्या दारातून वस्तू गेली म्हणजे तिची जबाबदारी संपली असं नाही.

आता आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशींबद्दल सांगते. त्या नदीकाठच्या वस्तीत राहतात. सकाळी दोन घरची कामं आणि दुपारी शिलाई मशीनवर ब्लाउज, फॉल-पिको. नवरा नाही, मुलगी तेव्हा दहावीला. पाणी उतरल्यावर मी त्यांच्या घरी गेले. दारात ओळीनं साड्या वाळत होत्या. अकरा मोजल्या मी. ग्लुकोज बिस्किटांचे पुडे, तेल-साखरेची दोन किटं. आणि कोपऱ्यात गाळानं भरलेलं मशीन.

मी विचारलं, “मावशी, अजून काय लागतंय?”

त्या म्हणाल्या, “काकू, लुगडी लई झाली. चूल कुठं मांडू तेवढं सांगा. आन् ह्ये मशीन चालू झालं न्हाई तर दिवाळीचं गिऱ्हाईक जातंय बघा. हप्तं काय पुराच्या पाण्यात वाहून गेल्यात व्हय?”

बचत गटाचा हप्ता दर आठवड्याचा. पुरानं घर गेलं पण कर्ज कोरडंच राहिलं. त्यांना साड्या मिळाल्या कारण साड्या देणं सोपं. मशीन नीट करून देणं कुणाच्या यादीतच नव्हतं.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात वैयावृत्त्याच्या प्रकरणात चार दानं सांगितली आहेत. आहार, औषध, उपकरण आणि आवास. तिथला संदर्भ त्यागी-मुनींच्या सेवेचा आहे, उपकरण म्हणजे पिंछी, कमंडलू, शास्त्र. पूरग्रस्तांना देतो ते करुणादान, त्याची पायरी वेगळी, हे मला ठाऊक आहे. तरी स्वाध्यायात ती चार नावं मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा मला त्यात माणसाच्या गरजांचा पूर्ण हिशेब दिसतो. आहाराची मर्यादा एक दिवसाची. औषधाची काही आठवड्यांची. उपकरण वर्षानुवर्षं चालतं. आवास पिढीभर. आपली मदत मात्र पहिल्यावर तुटून पडते, दुसऱ्याला थोडी पोचते, आणि तिसऱ्या-चौथ्यापर्यंत जाईस्तोवर हात रिकामे झालेले असतात. मुनीला कमंडलू, तसं मावशींना शिलाई मशीन. ते नसेल तर रोजचा आहार दुसऱ्यानं आणून द्यावा लागतो.

मंडळाकडं वर्गणीचे २ लाख ६० हजार जमले होते. पहिल्या दहा दिवसांत जेवण, दूध, औषधं, पाण्याचे टँकर यात १ लाख १० हजार गेले. ते जायलाच हवे होते. पाण्यात अडकलेल्या माणसाला आधी जेवण, हिशेब नंतर. उरले दीड लाख. त्यावर बस्तीत बैठक बसली.

आमच्यातले एक वडीलधारे अण्णा, मंदिराचं काम आयुष्यभर केलेले. ते म्हणाले, “लोकांनी पूरग्रस्तांसाठी दिलंय. आपण कोण ठेवून घेणार? आजच्या आज वाटून मोकळं व्हा. अपरिग्रहावर प्रवचन ऐकायचं आणि पेटीत दीड लाख ठेवायचे, हे शोभत नाही.”

हॉलमध्ये शांतता. अण्णांचं बोलणं टाकाऊ नव्हतंच. कितीतरी ठिकाणी संकटाच्या नावानं जमलेला पैसा खात्यात पडून राहतो, व्याज खातो आणि चार वर्षांनी कशासाठी होता हेही कुणाला आठवत नाही. तो परिग्रहच.

मी उभी राहिले. म्हटलं, “अण्णा, तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख वस्तूवरून नाही, मूर्च्छेवरून केली आहे. म्हणजे ‘हे माझं’ या आसक्तीवरून. हा पैसा आपला नाहीच. तो दिवाळीतल्या आणि पुढच्या पावसाळ्यातल्या माणसाचा आहे, आपण त्याचे कारकून. कॉलेजात आम्हाला दोन प्रकारचे खर्च शिकवले. एक रोजचा, जो झाला की संपला. दुसरा भांडवली, ज्याचा उपयोग पुढं वर्षानुवर्षं होतो. रोजचा खर्च आपण केला. आता भांडवली करू या.”

तरी कुजबुज चालूच. तेव्हा आमच्या एका ज्येष्ठ अक्कांनी साधा प्रश्न विचारला, “सगळं आज वाटायचं म्हणता, तर वाटायचं काय? तेल-साखरेचं तिसरं किट?” याला कुणाकडंच उत्तर नव्हतं. आमच्या ओळखीच्या बहुतेक घरांत दोन किटं पोचली होती.

अण्णा शेवटी कबूल झाले, पण त्यांनी दोन अटी घातल्या. पहिली, दर महिन्याचा हिशेब बस्तीच्या फळ्यावर लावायचा, मंडळाबाहेरच्या माणसानं तपासून. दुसरी, ठेवायचं तर मुदत घालून. अक्षय तृतीयेपर्यंत जे खर्च होणार नाही ते दुसऱ्या काम करणाऱ्यांना देऊन टाकायचं. राजा श्रेयांसानं भगवान ऋषभदेवांना उसाच्या रसाचा आहार दिला तो हा दिवस, दानाची सुरुवात इथून मानतात, म्हणून तोच दिवस. मला वाटतं या दोन अटींमुळंच राखीव पैसा राखीव राहिला, पेटीत रुतला नाही. डब्यावर तारीख टाकली गेली.

दीड लाखाची वाटणी अशी झाली. उपकरणांच्या दुरुस्तीला ६० हजार, शाळा-कॉलेजच्या मुलांना ४० हजार, पुढच्या पुराच्या पेटीला ३० हजार आणि न सांगता येणाऱ्या अडचणींसाठी २० हजार.

दुरुस्तीचा अनुभव सांगण्यासारखा आहे. आम्ही नवीन मशीन वाटत बसलो असतो तर पैसे आठ-दहा घरांतच संपले असते. त्याऐवजी एका शिलाई मशीनवाल्याला आणि एका मोटार वाइंडिंगवाल्याला हॉलमध्ये बसवलं. मशीन उघडून, गाळ काढून, रॉकेलनं धुऊन, तेल देऊन बहुतेक चालू झाली. कुठं पट्टा, कुठं शटल नवीन. पिठाच्या गिरणीची मोटार, पिको मशीन, इस्त्रीवाल्याची इस्त्री, एका रसवंतीवाल्याचा चरक. साठाहून जास्त वस्तू पुन्हा कामाला लागल्या. भंगारात गेल्या असत्या त्या वाचल्या. आणि ज्या दोन कारागिरांना मजुरी मिळाली त्यांची दुकानंही पुरात बुडालेलीच होती. बाहेरून माल आणून वाटला की गावचा दुकानदार रिकामा बसतो. गावात काम दिलं की तोच पैसा गावात चार हात फिरतो. मावशींचं मशीन दिवाळीच्या आधी सुरू झालं. हप्ते फिटले का? सगळे नाही. दोन वर्षं त्या मागं होत्या. एका मशीननं सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही. पण अकरा साड्यांनी एकही हप्ता फिटला नव्हता.

मुलांना पुस्तकं ऑगस्टमध्येच बरीच मिळाली होती. ४० हजार आम्ही जानेवारीपर्यंत हात न लावता ठेवले. परीक्षेची फी, क्लासची उरलेली फी, बसचा पास या गोष्टी तेव्हा पुढं येतात, आणि तेव्हा पुराची बातमी कुठल्याच पेपरात नसते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. अक्षय तृतीया त्या वर्षी एप्रिलअखेर होती. न सांगता येणाऱ्या अडचणींसाठी ठेवलेल्या २० हजारांतले १४ हजार शिल्लक होते. अण्णांनीच फोन केला, “मुदत संपत आलीय. बांधकामावरच्या मजुरांना शिधा देऊ या.” त्या पैशातून गहू, तांदूळ, डाळ दिली. पूर आला तेव्हा हे संकट कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आता पेटीबद्दल, कारण बऱ्याच जणी विचारतात. तिच्यात काय ठेवावं यापेक्षा काय ठेवू नये हे आधी कळावं लागतं. ब्लीचिंग पावडर साठवू नये, ठेवून ठेवून तिचा जोर उतरतो. ती ऐनवेळी ताजी घ्यावी. बॅटरीत सेल घालून ठेवू नयेत, ते पाझरतात. औषधं आणि ओआरएसची पाकिटं ठेवली तर मुदत वहीत लिहावी आणि संपण्याच्या तीन महिने आधी दवाखान्यात देऊन टाकावीत. खाण्याची वस्तू पेटीत नकोच. तिच्यासाठी दुकानदाराशी बोलून ठेवावं. आमच्या पेटीत ताडपत्र्या, नायलॉनची दोरी, झाकणाच्या बादल्या, फावडी, खराटे, गमबूट, रबरी हातमोजे आणि पाणी गाळायची जाड सुती फडकी आहेत. गाळ ओला असतो तोवरच निघतो, वाळला की सिमेंट होतो. म्हणून पाणी उतरल्यावर पहिल्या दोन दिवसांत फावडं आणि गमबूट यांची किंमत कुठल्याही साडीपेक्षा जास्त. उघड्या पायांनी गाळात उतरून झालेल्या जखमांतून लेप्टोसारखे आजार होतात, ते वेगळंच.

२०२१ ला पाणी चढायला लागलं तेव्हा ही पेटी माळ्यावरून खाली आली. त्याच दिवशी ताडपत्र्या पोचल्या. वापरून झाल्यावर त्या धुऊन, वाळवून परत आल्या. तीसपैकी चोवीस. सहा गेल्या, त्या वहीत लिहिल्या आणि पुढच्या वर्षी भरून काढल्या. वाणिज्यात याला घसारा म्हणतात. दरवर्षी वस्तू थोडी झिजते हे मान्य करून तेवढी भर घालत राहायची, म्हणजे साठा कायम राहतो. कपड्यांची गाठोडी २०२१ लाही आलीच. ती थांबवणं आम्हाला अजून जमलेलं नाही.

पेटीचा उपयोग फक्त पुरालाच होतो असं नाही. आमचा जिल्हा एक, पण पश्चिमेला पूर आणि पूर्वेला जत, आटपाडीकडं दुष्काळ. २०१९ चाच उन्हाळा तिकडं टँकर आणि चारा छावण्यांत गेला होता, आणि पावसाळ्यात इकडं घरं बुडाली. कृष्णेचं पाणी तिकडं चढवायला म्हैसाळ, टेंभू, ताकारी अशा योजना आहेत. ते मोठं काम सरकारचं. आमच्या मंडळाच्या आवाक्यातलं इतकंच की पुरात घेतलेल्या पाण्याच्या दोन टाक्या उन्हाळ्यात जतकडच्या एका वस्तीवर जातात आणि मृगाच्या आत परत येतात. टाकी आमच्या माळ्यावर कोरडी पडून राहण्यापेक्षा ते बरं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, ते तुम्हाला आठवत असेल. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर होतं. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून आपल्या कृष्णेचं पाणी दुसऱ्याच्या घागरीत पडलं. ती गाडी बघायला आम्ही मिरज स्टेशनावर गेलो होतो. तीन वर्षांनी तीच नदी आमच्या घरांत शिरली. एक लिटर पाणी कुठं किती मोलाचं हे ठिकाण आणि वेळ ठरवतात. मदतीचंही तसंच.

लातूरवरून आणखी एक. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं तिथली १,२०० मुलं पुण्याला आणून त्यांच्या शिक्षणाची आणि राहण्याची सोय केली. शांतिलाल मुथ्थांनी पुढाकार घेतला होता. विचार करा, १,२०० मुलं म्हणजे एका दिवसाचं किंवा एका महिन्याचं काम नव्हे. मूल शाळेत घातलं की दहा वर्षं त्याच्यामागं उभं राहावं लागतं. ब्लँकेट वाटून परत येणं किती सोपं होतं! त्या मुलांची आता स्वतःची घरं असतील. ज्ञानदानाची मर्यादा किती, हे डब्यावर लिहिता येत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, या पावसाळ्यात कुठूनही हाक आली तर जरूर द्या. देताना चार गोष्टी मनाशी विचारा. ही वस्तू पोचायला किती दिवस लागतील आणि ती टिकेल किती? ती तिथल्याच बाजारात मिळते का, मिळत असेल तर पैसेच का पाठवू नयेत? वापरून झाल्यावर ती कुठं जाईल? आणि दिवाळीसाठी मी काय बाजूला ठेवलं? शंभर रुपये द्यायचे असतील तर चाळीस आज द्या, आणि साठ पाकिटात घालून वर “कार्तिक” असं लिहून ठेवा. कार्तिकात फोन करून विचारा, “आता काय लागतंय?” त्या वेळी विचारणारं कुणी नसतं.

आपली आई-आजी आडातलं पाणी गाळायची, आणि गाळण्यात राहिलेले जीव वरून फेकून न देता त्याच आडात हलकेच सोडायची. जिवाणी म्हणतात त्याला. खाली कडी असलेली बादली त्यासाठी वेगळी असायची. तहान भागली म्हणून काम संपलं असं त्या मानत नव्हत्या. पाणी जिथून घेतलं तिथल्या जिवांचं पुढं काय होतं, इथवर त्यांचं लक्ष असायचं. तेवढं लक्ष आपण आपल्या दानावर ठेवलं तरी पुष्कळ झालं.

जय जिनेंद्र.